दोन सैरंध्री आणि एक कॅमेरा

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

गेल्या दिवाळीनंतर धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, तू एकदा तिच्याशी बोल. माझं काही ती ऐकत नाही." ती म्हणजे माझी भाची. वय वर्षं सव्वीस. शिकली कॉमर्स, पण नोकरी सोडून गेली दोन वर्षं लग्नामुंजीचे फोटो काढते. तिला आता नवा कॅमेरा घ्यायचा होता. दोन भिंगं धरून किंमत साडेतीन लाखांच्या घरात. त्यासाठी ती वडिलांनी तिच्या नावानं ठेवलेली मुदत ठेव मोडणार होती. वडील आता नाहीत. बहिणीचं दुःख पैशापेक्षा त्या ठेवीचं होतं, हे मला फोनवरही कळलं. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यामुळे "ठेव मोडू नको" हे सांगायला घरात नेहमी मलाच पुढे करतात.

मी "बोलतो" म्हणालो खरा, पण मनातून जरा चपापलो. कारण या बाबतीत माझा स्वतःचा इतिहास काही उज्ज्वल नाही. माझ्याकडे आधी आगफाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. ऊन असेल तर खटका इकडे, ढग असतील तर तिकडे, बाकी डोक्याला ताप नाही. त्यावर काढलेले आईचे फोटो आजही घरात भिंतीवर आहेत. पुढे १९७९ साली आखातातून आलेल्या मावसभावाकडून मी जपानी कॅमेरा घेतला. तीन पगार गेले. पहिलं शुभकार्य पुतण्याच्या मुंजीचं. मी मांडवात रुबाबात फिरलो, छत्तीस फोटो काढले, नंतरही बटण दाबलं जात होतं म्हणून आणखी चारपाच काढले. रोल धुवायला दिला तेव्हा दुकानदार हसला. फिल्मचं टोक आतल्या रिळात अडकलंच नव्हतं. फिल्म जागची हललीच नव्हती! पुढची फिल्म ओढताना दुसऱ्या बाजूची चकती फिरते की नाही तेवढं पाहायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्या मुंजीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. बटूची आता पन्नाशी उलटली आहे, पण तो अजून विचारतो.

असो. भाची आली, चहा झाला, आणि मी माझी मुंज सांगण्याऐवजी तिला मंडईतल्या एका वाहनतळाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

मंडईत गाडी लावायला गेलेल्या पुणेकरांना आर्यन हे नाव वाहनतळाचं म्हणून माहीत असतं. तिथे १९१५ ते १९८३ या काळात आर्यन सिनेमा होता. गंगाधरपंत पाठकांनी काढलेलं, पुण्यातलं अगदी सुरुवातीचं चित्रपटगृह. या आर्यनमध्ये ७ फेब्रुवारी १९२० रोजी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट लागला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर. द्रौपदी विराटाच्या घरी दासी होऊन राहते, राणीचा भाऊ कीचक तिच्यावर नजर टाकतो आणि भीम त्याचा वध करतो, एवढंच कथानक. ते तर घरोघरी माहीत होतं. पण पडद्यावर भीम कीचकाला मारू लागला तेव्हा प्रेक्षागृहात किंकाळ्या उठल्या, असं त्या वेळच्या लोकांनी सांगून ठेवलं आहे. पुढे ते दृश्य सेन्सॉरला कापायला लावावं लागलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' अशी पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकमान्य गेले, म्हणजे त्यांच्या अखेरच्या महिन्यांतली ही गोष्ट.

आणि हा चित्रपट ज्या कॅमेऱ्यानं घेतला होता, तो कोणत्याही दुकानातून आलेला नव्हता. तो कोल्हापुरात घरी बनवलेला होता.

बाबूरावांचं मूळ आडनाव मेस्त्री. जन्म १८९० चा. चित्रकला, सुतारकाम, लोहारकाम हे सगळं घरातच. त्यांचा आतेमामे-चुलत असा जवळचा भाऊ आनंदराव, आणि हे दोघे मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी, अशा कंपन्यांचे पडदे. 'पेंटर' हे नाव तिथूनच चिकटलं. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, तो या भावांनी पाहिला आणि त्यांच्या मनानं घेतलं की आपणही चित्रपट काढायचा. विलायती कॅमेरा घेण्याइतके पैसे नव्हते. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून चित्रपट दाखवण्याचं जुनं यंत्र, प्रोजेक्टर, आणलं आणि ते खोलून बसले.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय ही खटपट काय होती ते कळत नाही. प्रोजेक्टर आणि सिनेमाचा कॅमेरा हे एकाच हाडामासाचे. दोन्हींत फिल्मची पट्टी एका छोट्या खिडकीमागून सरकते. पण ती सलग सरकून चालत नाही. ती थांबली पाहिजे, त्या क्षणी खिडकी उघडली पाहिजे, मग खिडकी झाकली गेली पाहिजे आणि अंधारात पट्टी बरोबर एक चित्रभर पुढे गेली पाहिजे. हे त्या काळी सेकंदाला साधारण सोळा वेळा, आणि तेही हातानं दांडा फिरवून. प्रोजेक्टरमध्ये आतला दिवा बाहेर पडतो, कॅमेऱ्यात बाहेरचा उजेड आत येतो. म्हणजे तत्त्वानं पाहिलं तर यंत्र उलटं फिरवण्याइतकंच काम. प्रत्यक्षात मात्र कॅमेऱ्याच्या पेटीत सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी सगळी फिल्म काळी पडते. पट्टी दर वेळी केसभर इकडेतिकडे थांबली की पडद्यावर माणसं थरथरायला लागतात. त्यात त्या वेळची कोरी फिल्म कडेच्या भोकांशिवाय यायची. ती भोकं आपणच अंधारात पाडून घ्यायची, आणि ती एकसारखी पडली नाहीत तर बाकी सगळं फुकट.

हे जुळवण्यात वर्षं गेली. १९१६ साली आनंदराव वारले. कॅमेरा तेव्हा अपुराच होता. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामले या आपल्या साथीदाराला बरोबर घेऊन काम चालू ठेवलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय होता, गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवलाला हात दिला. दामल्यांच्या जोडीला शेख फत्तेलाल होते, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत. या मंडळींनी त्याच कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' घेतली.

गोष्ट इथपर्यंत आली तेव्हा माझा आवाज बहुधा जरा चढला असावा. कारण भाची शांतपणे म्हणाली, "मामा, बाबूरावांना परवडलं असतं तर त्यांनी विकतचाच घेतला असता की."

खरंच घेतला असता. तिच्या या एका वाक्यानं माझ्या गोष्टीची हवा गेली. आपल्याकडे अशा कथा सांगताना गरिबीला एक तेज चढवायची सवय आहे. 'हाती काही नसताना केलं' म्हटलं की आपण खूश. पण तो कॅमेरा स्वस्त नव्हताच. प्रोजेक्टरचे पैसे, वाया गेलेली फिल्म, पाच वर्षं आणि त्या पाच वर्षांत गेलेला एक भाऊ. फाळक्यांनी १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांना घेतला होता. तेव्हा पौंडाला पंधरा रुपये असा दर होता, म्हणजे साडेसातशे रुपये. पाच वर्षांच्या खटपटीशी तुलना केली तर विकतचा कॅमेरा स्वस्त म्हणावा लागेल.

आणि फाळक्यांनी तो कशाच्या जिवावर घेतला? विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून. मी हे बोलून गेलो आणि भाचीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते पाहून मला बहिणीची आठवण झाली. मी कोणाच्या बाजूनं बोलायला बसलो होतो!

पण फाळक्यांनी कॅमेरा आणल्यावर पहिल्यांदा काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर बसवला. रोज थोडी थोडी चित्रं घेत महिन्याहून अधिक काळ ते त्या कुंडीपाशी होते. मग ती फिल्म पडद्यावर दाखवली, तेव्हा बी फुटून वेल वर चढताना लोकांना मिनिटाभरात दिसला. या तुकड्याचं नाव 'अंकुराची वाढ'. तो दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. तोवर त्यांच्यामागे बडोद्याच्या कलाभवनातलं शिक्षण होतं, गोध्र्याचा फोटो स्टुडिओ होता, छपाईच्या ठशांचं काम होतं. त्यांचे डोळे एवढ्यात एकदा जायची वेळ येऊन गेली होती. साडेसातशेच्या यंत्रावर त्यांनी पहिल्यांदा एका वाटाण्याचा फोटो काढला, आणि तो कसा काढायचा हे त्यांना यंत्र येण्याआधीच माहीत होतं, असं मला वाटतं. कंपनीच्या कागदात वाटाणा नव्हता. भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई करत, रात्री, घरकाम आटोपल्यावर. कॅमेऱ्यावर फाळक्यांनी त्र्यंबक तेलंग या आपल्या मित्राला शिकवून उभं केलं. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला तो या माणसांच्या हातचा.

फाळक्यांच्याही आधी एक मराठी माणूस होता, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. लोक त्यांना सावेदादा म्हणत. मुंबईत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली, ती पाहून त्यांनी इंग्लंडहून एकवीस गिनींना कॅमेरा मागवला. म्हणजे सुमारे तीनशे तीस रुपये. भारतात असलं यंत्र ज्यांच्या हाती होतं अशी माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी असतील. त्यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती घेतली. डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचं त्यांचं स्वागत घेतलं. आपल्या फर्ग्युसन कॉलेजचे पुढे प्राचार्य झालेले हेच रँग्लर. बातमीपट म्हणावा असं हे आपल्याकडचं अगदी पहिल्या काही कामांपैकी एक, त्याचं मोल कमी नाही. पण सावेदादा तिथून फार पुढे गेले नाहीत. समोर जे घडलं ते त्यांनी टिपलं, कथा मात्र कधी रचली नाही. यंत्र हाती असूनही ती रचायला आणखी दहाबारा वर्षं आणि दुसरी माणसं लागली.

आता परत आर्यनकडे येतो. त्या रात्री पुणेकरांनी जे पाहिलं ते कशामुळे रंगलं? कॅमेऱ्यामुळे, असं मी म्हणणार नाही. घरी केलेल्या त्या पेटीचं चित्र विल्यमसनपेक्षा सरस होतं असं मानायला काही कारण नाही, आणि तपासायला मार्गही नाही, कारण १९२० ची 'सैरंध्री' आज उपलब्ध नाही. आपल्यापुढे आहेत ती लोकांनी सांगून ठेवलेली वर्णनं. त्यातून दोन गोष्टी मात्र कळतात.

एक म्हणजे ही कथा पुण्याला नुसती पुराणातली नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं, तेव्हा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे शाळकरी पोरांनाही कळत होतं. १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. चित्रपटाचा आधार तेच नाटक. म्हणजे दहा वर्षं ज्याला रंगमंचावर मारता येत नव्हतं, तो कीचक आर्यनच्या पडद्यावर मेला. किंकाळ्यांमध्ये भीतीइतकाच दुसराही काही भाव असणार. टिळकांना चित्रपट आवडला यात छायाचित्रणाचा वाटा किती आणि कीचकाचा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

दुसरी गोष्ट अशी की बाबूराव पडदे रंगवणारे होते. सपाट कापडावर राजवाड्याची खोली कशी दाखवायची, उजेड कुठून आला म्हणजे खांब उठून दिसतो, हे त्यांच्या बोटांत होतं. आणि म्हणूनच की काय, चित्रपटात त्यांनी रंगवलेले पडदे सोडून खरी घडीव दालनं उभी केली. जो माणूस आयुष्यभर पडदे विकत आला, त्यालाच पडदा खोटा दिसतो हे आधी कळलं. स्त्रीच्या भूमिकेत पुरुष उभा केला तर जवळून तो पुरुषच दिसणार, हेही त्यांच्या लक्षात आलं असावं. 'सैरंध्री'त त्यांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना घेतलं, कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी. त्या काळात हे सोपं नव्हतं. पुढे १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीचे प्रसंग त्यांनी कृत्रिम प्रकाश लावून घेतले. १९२५ च्या 'सावकारी पाश'मधली अंधारी झोपडी आणि बाहेर भुंकणारं कुत्रं, हे ज्यांनी पाहिलं ते पुढे कितीतरी वर्षं त्याविषयी बोलत. त्या चित्रपटात जमीन गमावलेल्या तरुण शेतकऱ्याचं काम करणारा मुलगा म्हणजे व्ही. शांताराम.

शांतारामांचं नाव आलं, आता दुसरी सैरंध्री.

दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडली आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. आज लॉ कॉलेज रस्त्यावर जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तीच प्रभातची जागा. प्रभात रस्ता नाव पडलं ते यावरूनच, हे नव्या पुणेकरांना सांगावं लागतं. त्याच १९३३ मध्ये प्रभातनं पुन्हा 'सैरंध्री' केली. कथा तीच. पण आता कंपनीकडे पैसा होता, नाव होतं, बोलपटाचं यंत्र होतं, आणि शांतारामांना चित्रपट रंगीत हवा होता. रंगीत चित्रपट भारतात तेव्हा नवलाचीच गोष्ट होती.

यासाठी वापरली ती पद्धत अशी, की कॅमेऱ्यात एकावर एक दोन फिल्म चढवायच्या. एकीवर एका रंगाचा उजेड उमटतो, दुसरीवर दुसऱ्या रंगाचा, आणि मग दोन्ही छापताना एकत्र आणायच्या. हे छापायची सोय इथे नव्हती. शांताराम निगेटिव्ह घेऊन जर्मनीला गेले. त्या काळी छायाचित्रणाची उत्तम यंत्रं आणि उत्तम रसायनं म्हणजे जर्मनी. जगात त्याहून चांगलं सामान मिळायची शक्यता फारशी नव्हती.

रंग बिघडले. भडक आणि अस्वाभाविक आले. चित्रपट पडला. तेरा वर्षांपूर्वी घरी बनवलेल्या काळ्यापांढऱ्या पेटीनं ज्या कथेवर आर्यनमध्ये किंकाळ्या काढल्या होत्या, तीच कथा, त्याच पेटीवर शिकलेल्या माणसांनी, रंगीत करून आणली, आणि लोक हलले नाहीत.

इथे थांबलो असतो तर बहिणीचं काम झालं होतं. महाग सामान घेऊन काही होत नाही बरं, ठेव मोडू नकोस, घरी जा. पण इतिहास अर्ध्यावर सांगणं हे एक प्रकारचं खोटं बोलणंच, आणि भाचीला अर्धवट गोष्ट सांगितली तर ती मोबाइलवर उरलेली शोधते.

उरलेली अशी. जर्मनीत शांतारामांनी नुसती प्रिंट छापून घेतली नाही. त्यांनी तिथले चित्रपट पाहिले, तिथली माणसं प्रकाश आणि सावल्या कशा खेळवतात ते पाहिलं. परत आल्यावर प्रभातच्या पुण्यातल्या नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट त्यांनी केला, १९३४ चा 'अमृतमंथन'. पशुबळी आणि नरबळी यांची प्रथा बंद करणारा राजा, आणि त्याच्याविरुद्ध कट करणारा राजगुरू. मराठीत राजगुरू होते केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. कॅमेरा धायबरांचा. या चित्रपटाच्या सुरुवातीला टेलिफोटो भिंगातून राजगुरूचा एक डोळा सगळ्या पडद्यावर येतो. आपल्याकडे अशा भिंगाचा वापर तोवर झालेला नव्हता. अंधारी गुहा, हलत्या ज्वाळा, आणि तो डोळा. चंद्रमोहन म्हटलं की जुनी माणसं आजही प्रथम डोळ्यांविषयी बोलतात, ते त्या भिंगामुळे. त्याशिवाय तो डोळा तसा दिसलाच नसता. साध्या भिंगानं तेवढं जवळ जायचं तर कॅमेरा नटाच्या नाकाला टेकला असता आणि चेहरा वाकडा झाला असता.

तेव्हा 'सामानानं काही होत नाही' हे वाक्य मी मागे घेतलं. भाचीला म्हटलं, बघ, रंग हवा होता तेव्हा शांतारामांना नवी गोष्ट करायची होती, ती कशासाठी, ते चित्रपटातून कळत नाही. सैरंध्रीला रंगानं काय मिळणार होतं? डोळ्याच्या वेळी त्यांना धर्मांध माणसाची नजर दाखवायची होती, आणि त्यासाठी काय लागेल ते त्यांनी शोधलं. हा माझा अंदाज आहे. शांतारामांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक. कदाचित रंगाची पद्धतच तेव्हा कच्ची होती आणि माझं सगळं तत्त्वज्ञान एका बिघडलेल्या रसायनावर उभं असेल. 'किसान कन्या' १९३७ मध्ये आली, सगळी प्रक्रिया भारतात केलेला पहिला रंगीत चित्रपट म्हणून तिची नोंद आहे, तरी तीही फार चालली नाही.

दामले आणि फत्तेलाल यांच्याबद्दल मात्र मी अंदाज न करता बोलू शकतो. कोल्हापूरच्या त्या कॅमेऱ्याची चाकं आणि खिट्ट्या जुळवत बसलेले दामले, आणि त्यांचे जोडीदार साहेबमामा, यांनी पुण्यात १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. पागनिसांचा तुकाराम. मुंबईत सेंट्रल सिनेमात तो सत्तावन आठवडे चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. शेवटी तुकोबांना न्यायला विमान येतं, ते पाहून आज हसू येईल असं वाटतं, आणि येत नाही. खटका, दोरी, काच, आरसा, या सगळ्याशी ज्याची हातानं ओळख आहे त्याचं ते काम आहे. शिवाय त्या चित्रपटात बहुतेक वेळ काहीच चमत्कार नाही. आवली म्हशीला बोलते, नवऱ्याला बोलते, देवाला बोलते, आणि कॅमेरा तिच्यासमोर नुसता उभा असतो.

भाचीनं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, तुझं पटतंय. पण माझी अडचण वेगळी आहे. रात्रीच्या रिसेप्शनला हॉलमधले रंगीत दिवे, आणि माझ्या जुन्या कॅमेऱ्यात नवरीचा चेहरा दाणेदार येतो. फ्लॅश मारला की मेकअप पांढरा पडतो. मला काय हवंय ते मला माहीत आहे. ते या कॅमेऱ्यात येत नाही."

मी तिला विचारलं, "तुझ्या जुन्या कॅमेऱ्यात कमी उजेडात काय काय करून पाहिलंस?" तिनं सांगायला सुरुवात केली आणि अर्धा तास सांगत होती. खिडकीजवळची खुर्ची, पांढऱ्या चादरीवरून परतवलेला उजेड, स्टँड, नवरीला दोन सेकंद श्वास रोखायला सांगणं. त्यातलं निम्मं मला कळलं नाही. बाबूरावांची मंडळीही उन्हात पांढरी कापडं धरून उजेड फिरवत, एवढंच मी म्हणालो. तिनं ते वहीत लिहून घेतलं, जणू मला त्यातलं काही येतं.

मग आम्ही मंडईत गेलो. तिला आर्यनची जागा पाहायची होती. पाहण्यासारखं तिथे काहीही नाही. गाड्या आहेत, पावती फाडणारा माणूस आहे, आणि संध्याकाळच्या वेळी पालेभाज्यांचा वास. तिनं जुन्याच कॅमेऱ्यानं पंधरावीस फोटो काढले. पावतीवाल्यानं विचारलं, "ताई, पेपरात येणार का?" तो दिवेलागणीचा उजेड होता, तिला हवा तसा कमी.

बहिणीला मी फोन करून सांगितलं की ठेव अजून मोडलेली नाही. भाची सध्या तोच महागडा कॅमेरा दिवसाच्या भाड्यानं आणते, लग्न असेल त्या दिवसापुरता. पुण्यात ही सोय आहे. मे महिन्यापर्यंत चौदा लग्नं आहेत. त्यानंतर ती हिशेब घेऊन माझ्याकडे येणार आहे. मी वाट पाहतो आहे. मंडईतल्या त्या फोटोंपैकी एक तिनं मला छापून दिला. त्यात पावतीवाला आहे, हातात पावतीपुस्तक, मागे एका मोटारीचा लागलेला दिवा. चेहरा जरा दाणेदार आला आहे. मी तो आईच्या फोटोशेजारी लावला.